नीतीचें माप आणि कालव्याचें शेवटचें टोक

एकाच कृत्याला एके ठिकाणीं पुण्य म्हणावें आणि दुसऱ्या ठिकाणीं पाप म्हणावें, हा अनुभव जगाला नवा नाहीं. महाराष्ट्रांतील अनेक घराण्यांत मामाच्या मुलीशीं विवाह हा हक्काचा आणि आनंदाचा संबंध समजला जात आला. विंध्यापलीकडील बहुतेक हिंदु कुटुंबांत तोच संबंध भावाबहिणींमधील म्हणून निषिद्ध मानला जातो. दोन्हीकडचीं माणसें सारखींच पापभीरु, सारखींच प्रामाणिक. मग यांपैकीं नीतिमान कोण? 'दोघेही आपापल्या ठिकाणीं बरोबर' असें उत्तर कोणी दिलें, तर लगेच दुसरा प्रश्न पुढें येतो. आपापल्या ठिकाणीं सर्वच बरोबर असेल, तर चूक म्हणून जगांत कांहीं उरतें कीं नाहीं? नीतीचें माप सर्वत्र एकच असतें, कीं तें देश, काल आणि समाज यांप्रमाणें बदलतें, हा नीतिशास्त्रांतील फार जुना वाद आहे. पहिल्या पक्षास निरपेक्षवाद आणि दुसऱ्या पक्षास सापेक्षवाद असें नांव आहे.

हा वाद पंडितांच्या बैठकींतला, प्रपंचाशीं त्याचा संबंध तो काय, असा पुष्कळांचा समज असतो. तो समज खरा नाहीं. जेथें थोडी वस्तु पुष्कळांनीं वांटून घ्यावयाची असते, तेथें हा वाद दररोज दाराशीं येऊन उभा राहतो. नाशिक जिल्ह्यांतील ओझर या गांवीं तो पाण्यावरून उभा राहिला, आणि तेथील शेतकऱ्यांनीं त्याचा जो निकाल लावला तो नीतीच्या अभ्यासकानें मुद्दाम पाहण्यासारखा आहे. मात्र ओझरची हकीकत पाहण्यापूर्वीं दोन्ही पक्षांचें म्हणणें नीट समजून घेतलें पाहिजे.

सापेक्षवादाचा मुख्य आधार चालीरीतींच्या विविधतेंत आहे. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें इ. स. पूर्व पांचव्या शतकांत एक कथा सांगितली आहे. इराणचा सम्राट दरायस यानें आपल्या दरबारांतील ग्रीकांना विचारलें कीं, किती द्रव्य दिलें असतां तुम्ही आपल्या मृत पित्याचें मांस खाल? कोणत्याही किंमतीला नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. मग हिंदुस्थानाकडील एका जमातीचे लोक त्यानें बोलाविले. त्यांच्यांत मृत पित्याचें मांस खाण्याची चाल होती. पित्याचें प्रेत जाळावयास तुम्ही काय घ्याल, असें त्यांना विचारतांच, असें अमंगळ बोलूं नये म्हणून ते ओरडले. ज्याला त्याला आपलीच चाल श्रेष्ठ वाटते, हें हिरोडोटसचें तात्पर्य. पुढें विसाव्या शतकांत मानवशास्त्रज्ञांनीं याच विचाराला शास्त्राचें रूप दिलें. एडवर्ड वेस्टरमार्क यांचा नैतिक कल्पनांच्या उगमावरील ग्रंथ १९०६ सालापासून प्रसिद्ध होऊं लागला, आणि रूथ बेनेडिक्ट या अमेरिकन विदुषीनें १९३४ सालीं निरनिराळ्या संस्कृतींचे निरनिराळे आदर्श वाचकांपुढें मांडले. महाराष्ट्रांत इतिहासाचार्य राजवाडे यांनीं विवाहसंस्थेच्या इतिहासावर लेख लिहून, आज सनातन वाटणारी रीत प्राचीन काळीं तशी नव्हती असें जुन्या ग्रंथांवरून प्रतिपादन केलें, तेव्हां पुष्कळांचीं मनें दुखावलीं.

या विचाराचा एक मोठा गुण कबूल केलाच पाहिजे. तो मनुष्याला विनय शिकवितो. आपल्या घरची चाल म्हणजेच ईश्वराची आज्ञा, आणि शेजाऱ्याची चाल म्हणजे रानटीपणा, असें मानणाऱ्याचा अहंकार त्यामुळें उतरतो. परंतु चाली भिन्न आहेत एवढ्यावरून न्यायही भिन्न आहे, असें सिद्ध होत नाहीं. हिरोडोटसची कथाच पुन्हा वाचून पाहावी. ग्रीक आणि ती दुसरी जमात यांचे विधि परस्परविरुद्ध होते खरे. पण मृत पित्याचा मान राखला पाहिजे, या गोष्टीविषयीं दोघांत तिळमात्र मतभेद नव्हता. मान कसा राखावा, एवढाच भेद होता. म्हणजे जी कथा सापेक्षवादाची साक्षीदार म्हणून उभी केली जाते, तिच्या पोटांत एक सामान्य तत्त्व दडलेलें आहे.

सापेक्षवादाचा दुसरा दोष याहून गंभीर आहे. 'येथें असेंच चालतें' हें वाक्य बहुधा ज्याचें चांगलें चाललेलें असतें त्याच्याच तोंडीं असतें. कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील, महाडचें चवदार तळें हें याचें महाराष्ट्रांतील सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावे असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं संमत केला. पुढें महाडच्या नगरपालिकेनेंही तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. तरी प्रत्यक्षांत त्या लोकांना पाणी मिळेना. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं हजारों माणसें तळ्यावर गेलीं आणि त्यांनीं तेथील पाणी प्राशन केलें. विरोधकांनीं न्यायालयांत धांव घेतली ती चालीच्या आधारावर. तळें वापरण्याची रूढि आमचीच, असें त्यांचें म्हणणें होतें. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें त्यांचा दावा फेटाळला. कारण ती रूढि अनादि काळापासून चालत आल्याचें सिद्ध झालें नाहीं. येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. न्यायालय विचारीत होतें कीं, ही चाल पुरेशी जुनी आहे काय? सत्याग्रही विचारीत होते कीं, ती जुनी असली तरी न्याय्य आहे काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत सांपडतें. दुसऱ्याचें उत्तर कोणत्याही रूढींत सांपडत नाहीं. त्यासाठीं रूढीच्या बाहेरचें माप लागतें.

हें बाहेरचें माप देण्याची प्रतिज्ञा निरपेक्षवाद करतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७८५ सालीं सांगितलेल्या कसोटीचा आशय असा: मनुष्य ज्या नियमानें वागतो, तोच नियम सर्वांनीं पाळावा असें त्याला विरोध न येतां इच्छितां आलें पाहिजे. स्वतःपुरता अपवाद काढणारा मनुष्य या कसोटीवर टिकत नाहीं. मात्र नियमाचा अर्थ केवळ त्याच्या शब्दांत शोधला, म्हणजे निरपेक्षवादही संकटांत सांपडतो. खून करण्यासाठीं पाठीस लागलेल्या माणसानें विचारलें तरी खोटें बोलूं नये, असें स्वतः कांटनेंच १७९७ सालच्या एका निबंधांत आग्रहानें मांडलें. महाभारताच्या कर्णपर्वांत कौशिक नांवाच्या तपस्व्याची कथा आहे. सत्य बोलण्याचें त्याचें व्रत होतें. चोरांच्या भयानें रानांत लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा चोरांनीं विचारला, तेव्हां त्यानें तो खरा सांगितला. माणसें मारलीं गेलीं, आणि कौशिकाला पुण्य मिळण्याऐवजीं नरक मिळाला. कांटच्या निबंधापूर्वीं कित्येक शतकें महाभारतकारांनीं तोच पेंच मांडून त्याचा उलट निकाल दिला होता.

लोकमान्य टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेल्या आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणांत सत्य, अहिंसा, अस्तेय अशा एकेका नियमाला केव्हां अपवाद घडतो याचा विस्तारानें विचार केला आहे. १९२० च्या जानेवारींत 'यंग इंडिया' पत्रांत टिळक आणि गांधी यांच्यामध्यें यावरच विचारविनिमय झाला. राजकारण हा संसारी माणसांचा व्यवहार आहे, साधूंचा नव्हे, आणि समोरचा जसा वागेल तसें त्याच्याशीं वागणें हा मार्गही तितकाच प्रामाणिक व धर्म्य आहे, अशी टिळकांची भूमिका होती. अक्रोधानें क्रोध जिंकावा हा नियम राजकारणालाही तितकाच लागू आहे, अशी गांधींची. वरवर पाहतां एक सापेक्षवादी आणि दुसरा निरपेक्षवादी असें वाटतें. परंतु टिळकांचे अपवाद स्वैर नाहींत. सत्याचा नियम मोडावयाचा तो सर्वभूतहितासाठीं, स्वार्थासाठीं नव्हे, अशी त्यांची अट आहे. म्हणजे अपवादालासुद्धा त्यांना एका मोठ्या तत्त्वाचा परवाना लागतो. दोन्ही पक्षांचा विचार केल्यावर हाच धागा हातीं येतो. नीतींत दोन वस्तु असतात: एक तत्त्व आणि दुसरें माप. तत्त्व सांगतें कीं काय साधावयाचें आहे. माप सांगतें कीं तें या जागीं, या वेळीं कसें साधेल. तत्त्वाला माप समजलें तर मनुष्य कौशिक होतो. मापालाच तत्त्व समजलें तर तो चवदार तळ्याचा दरवाजा अडवून बसतो.

आतां ओझरचें उदाहरण. ओझर म्हटलें कीं पुष्कळांना जुन्नर तालुक्यांतील अष्टविनायकांपैकीं विघ्नेश्वराचें क्षेत्र आठवतें. हें ओझर तें नव्हे. हें निफाड तालुक्यांत, मुंबई-आग्रा रस्त्यावर, बाणगंगा नदीच्या कांठीं वसलें आहे. १९६४ सालीं येथें विमानांचा सरकारी कारखाना निघाला, आणि गांवाचें नांव देशभर झालें. परंतु गांवाच्या शेतीचा जीव अडकलेला होता तो दिंडोरी तालुक्यांतील कोलवण नदीवरच्या वाघाड धरणांत. त्या धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला ओझरची जमीन येते. शेतकरी या टोकाला 'टेल' म्हणतात, आणि महाराष्ट्रांत टेलला जमीन असणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. नकाशावर कालवा शेवटपर्यंत रेखलेला असतो. पाणी मात्र वाटेंतच संपतें. वरचे शेतकरी आधीं भरून घेतात, फुटक्या चाऱ्यांतून कांहीं मुरतें, आणि खालच्या शेतकऱ्याच्या वांट्याला वाट पाहणें येतें.

या स्थितींत वादाचे दोन्ही पक्ष कसे निरुपयोगी ठरतात हें पाहण्यासारखें आहे. वरचा शेतकरी म्हणतो, 'पाणी माझ्या बांधाजवळून जातें, आजवर मी असेंच घेत आलों, येथली रीतच ही आहे.' हा सापेक्षवाद झाला. सरकारी कागद म्हणतो, 'लाभक्षेत्रांतील सर्व शेतकरी समान आहेत.' हा निरपेक्षवाद झाला. पहिल्यांत न्याय नाहीं, आणि दुसऱ्यांत पाणी नाहीं. दोहोंच्या मध्यें ओझरचें शेत कोरडें राहतें.

हें चित्र बदलण्याच्या कामीं समाजवादी विचारांचे कार्यकर्ते बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांचे सहकारी भरत कावळे यांनीं ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रामार्फत पुढाकार घेतला. १९९० च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशा तीन पाणीवापर संस्था शेतकऱ्यांनीं स्थापन केल्या. योजना थोडक्यांत अशी होती. पाटबंधारे खात्यानें प्रत्येक शेतकऱ्याशीं निरनिराळा व्यवहार करण्याऐवजीं संस्थेला पाणी मोजून द्यावें. संस्थेनें त्याची किंमत खात्याला भरावी. आणि सभासदांमध्यें पाळी लावणें, पट्टी वसूल करणें, चारी दुरुस्त ठेवणें हें सर्व संस्थेनें स्वतः पाहावें. खात्याच्या कालवा-निरीक्षकाला चुकविणें सोपें असतें. ज्याच्या बांधाला आपला बांध लागून आहे अशा शेजाऱ्याला चुकविणें कठीण.

येथपर्यंतचा भाग व्यवस्थेचा झाला. नीतीचा खरा प्रश्न पुढें उभा राहतो. पाणी 'समान' वांटावयाचें म्हणजे कसें वांटावयाचें? सर्वांना सारखे तास द्यावे, हें उत्तर प्रथम सुचतें आणि तें निर्दोष वाटतें. आतां थोडें गणित करून पाहावें. समजा, चारीच्या तोंडाशीं ताशीं शंभर घनमीटर पाणी सुटलें आणि शेवटच्या शेतापर्यंत पोंचेपर्यंत त्यांतील तीस घनमीटर जमिनींत मुरलें. तोंडाशीं असलेल्या शेतकऱ्याला एका तासांत शंभर घनमीटर मिळतील; शेवटच्याला सत्तरच मिळतील. शेवटच्या शेतकऱ्यालाही शंभर मिळावयाचे असतील, तर त्याला सुमारें एक तास सव्वीस मिनिटें पाणी दिलें पाहिजे. घड्याळ समान ठेवलें तर पाणी असमान होतें. पाणी समान ठेवावयाचें तर घड्याळ असमान करावें लागतें. तत्त्व एकच राहावें म्हणून माप जागोजाग बदलावें लागतें, या विधानाचें याहून सोपें उदाहरण मिळणें कठीण. जो मनुष्य 'नियम म्हणजे नियम, सर्वांना एकच तास' असें म्हणतो तो स्वतःस निरपेक्षवादी समजतो. वस्तुतः तो तत्त्व सोडून घड्याळाची पूजा करीत असतो.

ओझरला यापुढचाही एक पेंच आला. पावसाळ्यांत धरणाचें जें जास्त पाणी कालव्यानें येई, तें ओढ्यानाल्यांवर बंधारे घालून अडविण्यांत आलें, आणि त्यामुळें भोंवतालच्या विहिरींना पाणी वाढलें. आतां विहीर ज्याच्या जमिनींत तिचें पाणी त्याचें, ही समजूत खेडोपाडीं इतकी रुजलेली आहे कीं तिच्याविषयीं कोणी शंकाही घेत नाहीं. संस्थेनें ती शंका घेतली. विहीर खोदली शेतकऱ्यानें हें खरें. परंतु तिच्यांतलें वाढलेलें पाणी सर्वांच्या कालव्यांतून आणि सर्वांच्या बंधाऱ्यांतून आलेलें आहे. तेव्हां त्याची पट्टी विहीरवाल्यानेंही दिली पाहिजे, असें ठरलें. येथें जुनी रीत मोडली. ती मोडली ती बाहेरच्या कोणा उपदेशकाच्या आज्ञेनें नव्हे, तर तिच्या मुळाशीं असलेलें तत्त्व तिलाच लावून पाहिल्यामुळें. ज्यानें श्रम व खर्च केला त्याला फळ, हेंच तर विहिरीच्या मालकीचें तत्त्व होतें. फळाला कारण झालेले श्रम आतां सर्वांचे होते.

मापें किती प्रकारचीं असूं शकतात हें पाहावयाचें तर महाराष्ट्रांतील पाणीवांटपाचा इतिहास पुरेसा आहे. धुळें आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर कित्येक शतकें चालत आलेली फड पद्धति आहे. बंधाऱ्याखालची जमीन कांहीं फडांत विभागावयाची, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें, आणि शेताशेताला पाणी देण्याचें काम शेतकऱ्यानें स्वतः न करतां गांवानें नेमलेल्या पाटकऱ्यानें करावयाचें. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडांत असे. त्यामुळें पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर झीज एकट्याला न लागतां सर्वांना लागे. इंग्रजी अमदानींत मोठे कालवे निघाले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत नोकरीस लागले ते प्रथम नाशिक जिल्ह्यांतच. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धति सुचविली. ठरावीक क्षेत्राच्या ब्लॉकांत आळीपाळीनें पिकें घेऊन थोडक्या गांवांच्या उंसांत मुरणारें पाणी अधिक गांवांना पुरावें, हा तिचा हेतु. ज्यांना आधींच भरपूर पाणी मिळत होतें त्यांनीं तिला विरोध केला, हें सांगावयास नकोच.

तिसरें माप पुरंदर तालुक्यांतील नायगांवचें. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं तेथें पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यांचा नियम असा कीं, पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें: दर माणशीं अर्ध्या एकराचें, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांचें. ज्याला जमीन नाहीं त्यालाही पाण्याचा हक्क. आणि ऊंस मात्र लावावयाचा नाहीं. ओझरची संस्था क्षेत्रावरून पाणी मोजते, नायगांवची पंचायत डोक्यावरून मोजीत होती, फडवाले फडावरून मोजीत. मापें तीन, आणि प्रत्येकाला आपापल्या जमिनीचा, पिकाचा आणि इतिहासाचा आधार आहे. यांपैकीं एकच खरें आणि बाकीचीं खोटीं असें म्हणणें व्यर्थ होय. परंतु त्या तिन्हींना एक प्रश्न सारखाच विचारतां येतो: या नियमाखालीं ज्याची बाजू सर्वांत दुबळी आहे, त्याला हा नियम मान्य करण्यास कारण आहे काय? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यानें १९७१ सालीं हाच प्रश्न दुसऱ्या रीतीनें मांडला. समाजांत आपली जागा कोणती असणार हें ठाऊक नसतांना मनुष्य कोणता नियम निवडील? कालव्याच्या भाषेंत सांगावयाचें तर, आपलें शेत तोंडाशीं आहे कीं शेवटीं, हें कळण्यापूर्वीं पाळीचा नियम ठरवावा.

या विचाराला महाराष्ट्रांत पुढें कायद्याचें रूप मिळालें. २००५ सालीं शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला. पाणीवापर संस्थांना पाणी घनमापनानें द्यावें, आणि संस्थेच्या संचालक मंडळावर कालव्याच्या वरच्या, मधल्या व शेवटच्या भागांतून सारखेच प्रतिनिधि निवडले जावे, अशी तरतूद त्यांत आहे. वाघाड प्रकल्पावर ओझरच्या तीन संस्थांच्या मागोमाग इतर संस्था निघाल्या आणि अखेरीस अशा चोवीस संस्थांचा मिळून प्रकल्पाचा संघ झाला. शेवटच्या टोकाच्या गांवानें आरंभिलेली गोष्ट तोंडापर्यंत पोंचली.

येथें ही हकीकत थांबविली तर ती गोड होईल, परंतु अपुरी राहील. कारण 'शेवटचें टोक' ही जागा कायमची नाहीं. ती स्वतःच सापेक्ष आहे. वाघाडच्या कालव्यावर ओझर शेवटीं असलें, तरी कोलवण नदी कादवेला मिळते, कादवा गोदावरीला मिळते, आणि गोदावरी पुढें पैठणला जायकवाडीच्या नाथसागरांत येते. गोदावरीच्या या सबंध खोऱ्याचा विचार केला म्हणजे ओझर तोंडाशीं येतें आणि मराठवाडा शेवटीं जातो. २००५ सालच्याच जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या कायद्यांत, खोऱ्यांतील टंचाई सर्वांनीं वांटून घ्यावी असें तत्त्व आहे. त्याचें माप ठरविण्यासाठीं नेमलेल्या मेंढेगिरी समितीनें २०१३ सालीं अहवाल दिला. १९ सप्टेंबर २०१४ रोजीं प्राधिकरणानें त्यावरून आदेश काढला. पावसाळा संपतां, १५ ऑक्टोबरच्या सुमारास, जायकवाडींतील उपयुक्त सांठा पासष्ट टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या नाशिक व नगर जिल्ह्यांतील धरणांनीं पाणी सोडावें, असा त्याचा सारांश. २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानेंही समन्यायी वांटपाचें हें तत्त्व उचलून धरलें.

नाशिक आणि नगर जिल्ह्यांत या पाणी सोडण्याला मोठा विरोध झाला. विरोधाचीं कारणें अशीं सांगितलीं गेलीं: वाटेंत फार पाणी मुरतें, नाथसागर उथळ असल्यानें तेथून वाफ फार होते, खालच्या भागांत ऊंस लावतात, आणि धरणें आमच्या भागांत आहेत. यांतील कांहीं कारणें खरीं आहेत, आणि माप ठरवितांना त्यांचा हिशेब घेतलाच पाहिजे. पासष्ट हाच आंकडा कां, कमीअधिक कां नको, ही चर्चा रास्त आहे. ती मापाची चर्चा आहे. परंतु 'वाटेंत मुरतें म्हणून सोडूंच नये' आणि 'आमच्या जवळ आहे म्हणून आमचें' हीं कारणें नवीं नाहींत. वाघाडच्या कालव्यावर वरच्या शेतकऱ्याला ओझरविरुद्ध हींच कारणें सांगतां आलीं असतीं. ज्या न्यायानें ओझरनें वरच्यांकडे पाणी मागितलें, तोच न्याय खालच्यांनीं मागितला असतां नाकारतां येत नाहीं. नाकारला, तर पूर्वीं मागितला तो न्याय नव्हता, केवळ पाणी होतें, असें म्हणावें लागेल. मनुष्याची नीतीवरील निष्ठा तो शेवटच्या टोकाला असतांना पारखतां येत नाहीं, कारण तेथें न्याय आणि स्वार्थ एकाच दिशेनें वाहत असतात. ती पारखली जाते तो तोंडाशीं आल्यावर.

या कसोटीला आणखी एक अंग आहे. पाणीवापर संस्थेचें सभासदत्व जमिनीशीं बांधलेलें आहे. निफाड तालुक्यांत द्राक्षाच्या बागा उभ्या आहेत. त्यांत छांटणीपासून काढणीपर्यंत जे हात राबतात त्यांपैकीं कित्येकांचें नांव कोणत्याही सात-बाऱ्यावर नसतें. शेतांत आयुष्य घालविलेल्या अनेक स्त्रियांचेंही नसतें. क्षेत्रावरून पाणी मोजण्याच्या मापांत ही माणसें दिसतच नाहींत. नायगांवच्या पंचायतीनें भूमिहीनाला हक्क दिला तेव्हां तिनें हीच उणीव ओळखली होती. म्हणजे कालव्याचें शेवटचें टोक हें शेवटच्या शेताशींही संपत नाहीं. ज्याला शेतच नाहीं त्याच्यापर्यंत तें जातें.

निरपेक्ष कीं सापेक्ष, या जुन्या प्रश्नाचें उत्तर यावरून पुष्कळसें स्पष्ट होतें. तास, घनमीटर, फड, माणशीं अर्धा एकर, पासष्ट टक्के हीं सर्व मापें सापेक्ष आहेत. तीं जागेप्रमाणें आणि काळाप्रमाणें बदलावींत, आणि न बदलल्यास अन्यायाला कारण होतात. मात्र माप बदलण्याचा अधिकार कोणाला, आणि तें कोणासाठीं बदलावयाचें, हें मापाच्या हातीं नसतें. ज्याच्यापर्यंत पाणी पोंचलें नाहीं त्याच्या हितासाठीं माप बदललें तर तो न्याय. ज्याच्या शेतांत आधींच पाणी उभें आहे त्याच्या सोयीसाठीं तेंच माप बदललें तर तो अन्याय. हा भेद ओझरला खरा आहे, पैठणला खरा आहे, आणि महाडच्या तळ्यावरही खरा होता. कोणत्याही गांवची चाल त्याला बदलूं शकत नाहीं.